मंडईहून आणलेले शिंगाडे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते शिंगाड्यांचे वाटे घालायचं.

बायकोच्या माहेरच्या गावची मंडई करून दिवस बुडायच्या आत घरी आलो होतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, सोंगाड्यांची दंडार नाचते, लेकी-जावई येतात. आणि मंडईला गेलेल्या माणसानं रिकाम्या हातानं परत यायचं नाही, अशी रीत आहे. काहीतरी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारपाजारी नेऊन द्यायचं. ती दरवर्षी शिंगाडेच आणायची. तिच्या गावच्या तलावातले शिंगाडे गोड असतात, असं तिचं म्हणणं. मला तर सगळ्या तलावातले सारखेच लागतात.

मागच्या पडवीत चुलीवर शिंगाडे उकडायचा गंज ठेवला होता. उकडलेल्या शिंगाड्यांची वाफ वर जाऊन छपराच्या कवेलूंत अडकून राहिली होती. खाली चटईवर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून आम्ही बसलो. उकडलेल्या शिंगाड्याचं साल काळं असतं, सोलताना बोटं काळी होतात, साबण लावला तरी डाग जात नाहीत. ती भरता भरता एक सोलून मला देई, एक स्वतः खाई.

"त्या कोपऱ्यावरच्याले नको देऊ," मी म्हटलं. "त्यानं माह्या विरोधात झेंडा धरला होता."

"झेंडा धरला मनून शिंगाडा खाऊ नये का जी त्यानं?"

"खाऊ दे न, आपल्या पैशानं खाऊ दे."

"तुमी पडले तवा तो पेढा घेऊन आला होता. तुमी दार लावलं. मीनं खाल्ला तो पेढा मागच्या दारानं. चांगला होता."

हे मला ठाऊक नव्हतं. मी हसलो. ती पण हसली. तिचा समोरचा दात पडला होता, हसताना पदर तोंडाशी न्यायची तिला नवीन सवय लागली होती. तेव्हा मी विचारलं, "का वो, आता तरी सांग. त्या खेपेले तूनं मले मत दिलं होतं का नाही?"

तिनं शिंगाडा सोलला. त्याची दोन टोकं दातानं तोडली.

"किती वर्स झाले त्याले?"

"झाले असतील. सांग न."

"सकाळी सांगीन. आता माहे हात भरले हाय."

मी किती वेळा विचारलं होतं. दर वेळी ती दुसरंच काही काढायची. सांगीन असं त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. मी पुढचा द्रोण घेतला. सकाळ काही लांब नव्हती.

मी चौथी शिकलो. त्याच्यापुढचं जे आलं ते गिरणीत आलं. गोंदियाच्या बाजूला माझी धानाची गिरणी. आधी धान भरडायचा एक हलर आणि वर टिनाचं छप्पर, मग शेड, मग उसना म्हणजे उकडा तांदूळ करायची टाकी. भिजलेल्या धानाला वाफ दिली की जो वास येतो तो ज्याला आवडत नाही त्यानं आमच्या जिल्ह्यात राहू नये. टिनाला भोकं होती. दुपारी त्यातून उन्हाच्या काठ्या खाली यायच्या आणि त्यांच्यात कोंडा तरंगायचा. लिहिणारे लोक म्हणतील सोन्यासारखा. कोंड्यासारखाच दिसायचा. पण मी पाहत बसायचो, एवढं खरं.

ती डबा घेऊन यायची. डबा ठेवला की पहिलं काम, मशिनीखाली हात धरायची, मूठभर तांदूळ तळहातावर पसरून फुंकर मारायची आणि मला सांगायची की आज कनकी जास्त पडून राहिली, म्हणजे दाणा तुटून राहिला. काय बोलली ते ऐकू यायचं नाही, एवढा आवाज. मी तिच्या ओठांवरून समजायचो. मग तशीच सवय झाली. घरी पण, लोकांच्या गर्दीत पण, ती नुसते ओठ हलवायची आणि मला कळायचं. साखर संपली, पाहुणे जास्त बसले, आता पुरे करा. हे सगळं मला आवाजाशिवाय ऐकू यायचं.

राजकारण मी गिरणीतच शिकलो, दुसरीकडे नाही. लोक धान घेऊन यायचे, नंबर लागेपर्यंत पोत्यांवर बसायचे. बसले की बोलायचे. बोडीची पाळ फुटली, तळं रिकामं झालं. मास्तर येऊन नाही राहिला. नहराचं पाणी वरचेच लोक अडवतात. आणि गिरणीत हळू बोलता येत नाही. म्हणून माझ्या कानात कोणी कधी काही सांगितलं नाही. ज्याला जे सांगायचं ते त्यानं सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. मी पण ओरडूनच उत्तर द्यायचो. "तूच चोरून पाणी घेते, मले मालूम नाही का?" असं. लोक हसायचे, तो माणूस पण हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी नहराच्या ऑफिसात जाऊन तसाच ओरडायचो. कामं व्हायची.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली व्यापारी लोक गिरणीत आले. त्याच्या आधी हर एक कागदासाठी भंडाऱ्याला जावं लागायचं. आता नवा जिल्हा, नव्या खुर्च्या. ते म्हणाले, "सेठजी, खड़े हो जाओ. आपकी आवाज़ बड़ी है." माझ्यात आणखी काही गुण आहे असं त्यांनी सांगितलं नाही. आवाज आहे म्हणाले.

घरी सांगितलं तर ती म्हणाली, "उभे राहा. पन बसान कवा?"

मी जिल्हा परिषदेला उभा राहिलो आणि निवडून आलो. प्रचाराचे दिवस मला अजून झोपेत दिसतात. धानाची कापणी झालेली, बांध्या मोकळ्या, सकाळी धुकं, आणि धुक्यातून एक एक दार पुढे येऊन राहिलं आहे. दार आलं की हात जोडायचे. सालेकशाकडे गेलो होतो तेव्हा जंगलाच्या वाटेवर धुक्यात एक म्हातारी उभी दिसली. मी दुरूनच हात जोडले, चार शब्द बोललो. जवळ गेलो तर मोहाचा खुंट होता. कार्यकर्ते हसले नाहीत. साहेबांच्या चुकीला कोणी हसत नाही, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

तिला सांगितलं तर ती डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. "मंग? खुंटानं देतो मनला का मत?"

तेव्हाची सवय. संध्याकाळी घरी आलो, तिनं दार उघडलं आणि मी तिलाही हात जोडले. थकलो होतो. ती दारातच उभी राहिली.

"मले कायले हात जोडता? माहं मत काही रस्त्यावर पडलं नाही."

मग दिल्लीची निवडणूक आली. पक्षाला नवा माणूस पाहिजे होता, नव्या माणसाचे कोणाशी भांडण नसते. मी आलो. कसा आलो ते मलाही नीट सांगता येत नाही. गळ्यात एवढे हार होते की समोरचं दिसत नव्हतं. हारांच्या फटीतून ती दिसली, ओसरीच्या खांबाला धरून उभी. ओठ हलले. मी वाचले. जेवले का, असं विचारत होती.

दिल्लीत मला घर मिळालं, समोर मोठी हिरवळ, जुनी झाडं. सकाळी धुक्यात माळी पाणी देत फिरायचा, त्याचे पाय दिसायचे नाहीत. मला ते सगळं झोपेतल्यासारखं वाटायचं आणि झोपेत मात्र गिरणी खरी दिसायची. पट्टा फिरून राहिला, धान खाली पडून राहिलं, ती मशिनीखाली हात धरून उभी. जाग आली की एवढी शांतता की कान दुखायचे. तिथं सगळे हळू बोलतात. कानात बोलतात. जो जितका मोठा तो तितका हळू. मी कोणाच्याही ओठांवरून काही वाचू शकलो नाही.

ती एकदाच आली. सोबत नव्या तांदळाचं पोतडं. मी माणसं पाठवली होती स्टेशनवर, तरी पोतडं तिनं स्वतःच उचललं. सकाळी हिरवळीवर उभी राहून म्हणाली, "एवढी जागा अन् कोनी धान नाही लावत?"

"इथं शोभेसाठी आहे."

"धानापरीस काय शोभते जी?"

तिसऱ्या प्रहरी चहा पिताना तिनं विचारलं, "तुमी इथं कोनासंगं जोरानं बोलता?"

"कोनासंगच नाही."

तिनं कप खाली ठेवला. परत जायचं तिकीट होतं त्याच्या आधीच गेली. नातू आजारी आहे म्हणाली. नातू ठणठणीत होता, मी फोन करून पाहिलं.

सभागृहात एकदा धानावर बोलायची पाळी आली. मी उठलो आणि गिरणीत बोलतो तसा बोललो. समोर माइक आहे हे ध्यानात राहिलं नाही. सगळे दचकले, मग सगळे हसले. वर बसलेले साहेब म्हणाले की माननीय सदस्य, माइक चालू आहे. मी खाली बसलो, जे म्हणायचं ते अर्धं राहिलं. रात्री जेवणाच्या वेळी फोन केला तर तिनं टीव्हीवर पाहिलं होतं.

"हसले तं हसले. आयकू तं आलं न त्यायले."

पुढच्या खेपेला मी पुन्हा उभा राहिलो. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मतदानाच्या दिवशी गल्लीतल्या बाया मिळून शाळेत गेल्या. आमच्या समोरच्या घरची वहिनी रांगेत तिच्या मागं होती. वहिनी वयानं मोठी, तोंडानं फाटकी, मला भाऊजी म्हणते. तिनंच संध्याकाळी सांगितलं.

"लय वेळ लावला जी तुमच्या बाईनं मशिनीपाशी. सायब मने, बाई, झालं का? तं हे आतून मनते, थांबा जी, मीनं एवढे वर्स वाट पायली, तुमी घडीभर पाहा. सगळे हासले."

मी पडलो. चांगलाच पडलो, थोडक्यात वगैरे नाही. तिच्या एका मतानं काही झालं नसतं, हे मला समजते, मी एवढा अडाणी नाही. पण दुपारी ती जेवायला वाढे, तेव्हा डाव्या हाताच्या बोटावर ती काळी शाई दिसायची आणि घास तोंडातच राहायचा. मत दिलं असेल तर तिनं मला परत दिल्लीला पाठवायला दिलं, म्हणजे माझ्याशिवाय तिचं भागत होतं. नसेल दिलं, तर माझ्या घरच्याच माणसानं मला पाडलं. दोन्ही बाजूंनी मन खायचं. विचारलं की ती म्हणायची, "मत गुपित असते. तुमीच तं भाषनात सांगता."

नख वाढत गेलं तशी शाई वर सरकत गेली. रोज पाहायचो. आधी नखाच्या मुळाशी होती, मग मधात, मग टोकाला आली, नव्या चंद्रासारखी बारीक. एक दिवस ती अंगणात उन्हात बसून नखं काढत होती. कापलेलं नख तिनं माझ्या पायाजवळ टाकलं.

"घ्या. गेली तुमची निवडणूक."

त्याच्यानंतर मी घरीच राहिलो. पक्षाचे लोक आधी रोज आले, मग सणाला आले, मग आले नाहीत. गिरणी मुलगा पाहतो. नवीन मशिनी आहेत, आवाज कमी. तिथं आता हळू बोललेलं ऐकू येतं, म्हणून कोणी काही बोलत नाही. आम्ही दोघं सकाळी शेडच्या मागं उन्हात बसायचो. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ पोरांची लहान विमानं वर घिरट्या घालत राहायची. एकच गोल, पुन्हा पुन्हा.

"हे कोठं जातात जी?"

"कोठं नाही. उडायले शिकतात अन् तिथंच उतरतात."

"मंग बरं हाय," ती म्हणायची.

असे किती हिवाळे गेले, मी मोजले नाहीत. ते दिवस एकात एक मिसळून गेले, वाटीतल्या दुधात भात मिसळतो तसे. दिल्लीची पाच वर्षं मला आठवतात, पण ती मी ऐकलेल्या गोष्टीसारखी आठवतात. हे उन्हातलं बसणं अंगाला आठवते.

तिच्या माहेरचं गाव सौंदडच्या पुढे. आधीच्या वर्षांत मी त्या मंडईला उद्घाटक म्हणून जायचो. एका दिवसात आठ-दहा मंडया, फीत कापायची, दिवा लावायचा, निघायचं. मी वर मंडपात खुर्चीवर, ती खाली बायांत. यंदा बोलावणं नव्हतं. ती म्हणाली, "उद्घाटकाले नाही बोलावलं. जावयाले कोनाचं बोलावनं लागते?"

गेलो. धानाचं रिकामं पोतं अंथरून आम्ही दोघं जमिनीवर बसलो. गुडघे दुखत होते, तिचेही, माझेही. लोक आधी ओळखत नव्हते, मग ओळखायला लागले, कोणी खुर्ची आणली. तिनं खुर्चीवर आमची पिशवी ठेवली. दंडार चालू होती. लुगडं नेसलेला गडी नाचत नाचत आमच्यासमोर आला, डोळा मारून म्हणाला, "काऊन जी सायब, यंदा खाली?"

मी काही म्हणायच्या आत ती ओरडली. गिरणीत ओरडायची तशी. "सायब घरी ठेवला! जावई आनला!"

सगळी मंडई हसली. त्या गड्यानं तिच्यावरून पदर ओवाळला. मी तिच्याकडे पाहिलं. ऊन कललं होतं, नाचणाऱ्यांच्या धुळीत तिचं तोंड स्पष्ट दिसत नव्हतं. ओठ हलले. एवढ्या गलक्यात मी वाचले. गुडघा दुखून राहिला का, असं विचारत होती. मी मान हलवली, नाही म्हणून. दुखत होता.

मग तिनं शिंगाडे घेतले, गावच्याच तलावात राबणाऱ्या ढिवर बाईकडून, भाव करून करून. आणि आम्ही घरी आलो. पुढचं मी वर सांगितलं.

सकाळी मला उशिरा जाग आली. ती माझ्या आधी उठते, नेहमी. खिडकीत धुकं होतं, तिच्या तोंडावर तोच भुरका उजेड. मी म्हटलं, "का वो, सांगनार होती न?" मग हात लावला.

ओठ थोडे उघडे होते. मी वाकून पाहिलं. किती तरी वेळ पाहत राहिलो. काही वाचता आलं नाही.

डावा हात पांघरुणाच्या बाहेर होता. बोटाला काळा डाग, नखाच्या कडेनं. आताच मत देऊन आल्यासारखा. शिंगाड्याचा होता.

मुलाला उठवलं. तो रडला, मग फोन करत बसला. लेक येईपर्यंत दुपार होणार होती. सुनेनं तिच्या उशाशी दिवा लावला. मी मागच्या पडवीत गेलो. द्रोण टोपलीत तसेच होते, तिनं वरून ओलं फडकं झाकलं होतं. मी टोपली उचलली. मुलानं ओसरीत अडवलं.

"बाबा, कोठं? सुतकाच्या घरचं कोनी घेत नाही. लोक काय मनतील?"

"ती जिती होती तवा भरले. लोकायनं मले एकदा पाडलं, आता आनखी कोठं पाडतील?"

तो बाजूला झाला.

गल्ली तीच. याच दारांपुढून मी हात जोडत गेलो होतो. धुक्यातून एक एक दार पुढे येत होतं. समोरची वहिनी अंगण झाडत होती. मला पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का जी भाऊजी, सकाळीच? कोनती निवडनूक आली?"

"ती गेली, वहिनी."

"कोठं गेली? काल तं माहेरून आली."

मी टोपली पुढे केली. वहिनीनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या दाराकडे पाहिलं. झाडू खाली पडला. मग तिनं एक द्रोण उचलून पदरात बांधला. सुतक-बितक काही बोलली नाही. गाठ मारता मारता रडत म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मशिनीपाशी... घरी येता येता तिनं मले सांगतलं होतं. तुमाले सांगू नोको मने. आता कायचं गुपित..."

"राहू द्या वहिनी."

"अजी, पन..."

"ती सांगीन म्हणाली होती. तिनं नाही सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून मले नाही पायजे."

वहिनीनं पडलेला झाडू उचलला. मी पुढच्या दारी गेलो, त्याच्या पुढच्या दारी गेलो. कोणी घेतलं, कोणी हात मागं ओढला. ज्यांनी नाही घेतलं त्यांच्या ओट्यावर मी द्रोण ठेवला.

कोपऱ्यावरचा दारातच उभा होता. त्याला कोणी सांगितलं असेल. त्यानं मला हात जोडले. मला जोडता आले नाहीत, दोन्ही हातात टोपली होती.

"तिनं पाठवले," मी म्हटलं. "खाय."

त्यानं द्रोणातून एक शिंगाडा घेतला आणि तिथंच उभा राहून सोलला. त्याची बोटं काळी झाली. तो चावत राहिला.

टोपलीत अजून द्रोण होते. मी पुढच्या दारात गेलो.